यंत्र आपले, हातही आपला व्हावा

शिक्षण म्हटले की आपल्या समाजात डोळ्यांसमोर पुस्तक उभे राहते. ते योग्यच आहे. बाबासाहेबांनी पुस्तकाकडे नेले म्हणून आज आम्ही चार ओळी लिहितो आणि आपण त्या वाचता. पण पुस्तकाच्या जोडीला हत्याराचेही शिक्षण असते, आणि त्याची आपल्या घरांत तेवढी कदर होत नाही. खानदेशातल्या कितीतरी वस्त्यांत पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये जुनी यंत्रे उभी आहेत. ती चालवणारी माणसे आता थकली आहेत, काही निघून गेली आहेत. अशा एका घराची हकीकत आज सांगतो.

आमचे मामा जळगावला राहत. घर दोन खोल्यांचे आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत चार यंत्रे होती. पाच फुटी लेथ, एक शेपर, एक ड्रिल मशीन आणि लोखंड कापायची पॉवर हॅक्सॉ. चारही जुनी, मामांच्या आधी दोन-तीन मालक पाहिलेली. लेथ तर स्वातंत्र्याच्या आधीचे, विलायती. चामड्याच्या पट्ट्यावर चालणारे, पायऱ्या-पायऱ्यांच्या पुलीचे. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर टाकला की वेग बदलायचा. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात मामांनी ते घेतले, तेव्हा मामींच्या कानातले गेले आणि पतपेढीचे कर्ज झाले. शेजारची माणसे म्हणाली, ‘म्हातारं लोखंड घरात आणलंत.’ त्याच म्हाताऱ्या लोखंडाने पुढे तीन मुलांची शिक्षणे केली, दोन लग्ने लावली आणि घरावर स्लॅब टाकला.

ज्या भगिनींनी लेथ पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचे कातीव खांब कातारी जसे करतो, तसेच लोखंडाचे काम लेथवर होते. लोखंडाचा तुकडा चकमध्ये घट्ट पकडून फिरवायचा आणि धारदार टूलने त्याचा पातळ थर काढत जायचा. शाफ्ट, बुश, पुली, बोल्टचे आटे हे सारे लेथवर होते. शेपरचे उलटे असते. तिथे काम जागेवर राहते आणि टूल मागेपुढे जाते, म्हणून सपाट बाजू आणि खाचा त्यावर काढतात.

खानदेशात अशा कामाला तोटा नाही. विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट झिजतो, डिझेल इंजिनाचा बुश जातो, कापसाच्या हंगामात जिनिंगचा रोलर दगा देतो, डाळमिलची पुली फुटते. शेतकरी सकाळी तुटका भाग पिशवीत घालून येतो आणि त्याला तो संध्याकाळपर्यंत हवा असतो, कारण बागेला पाणी द्यायचे असते. आजची संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे एकसारखे हजार नग झपाट्याने काढतात. पण एकच नग, तोही तुटक्या नमुन्यावरून करायचा, हे काम अजूनही जुन्या लेथवर आणि जाणत्या हातावरच स्वस्तात होते.

हा जाणता हात मामांना कुणी आयता दिला नाही. सातवी झाल्यावर ते धुळ्याला एका वर्कशॉपमध्ये झाडलोटीला लागले. पहिली तीन वर्षे त्यांना यंत्राला हात लावू दिला नाही. पाण्याचा माठही वेगळा होता. मामांचे काम लेथखालचा कीस गोळा करण्याचे. पण त्या किसानेच त्यांना शिकवले. पोलादाचा कीस लांब वेटोळ्यांनी येतो, बिडाचा चुरा होतो, पितळेच्या बारीक टिकल्या उडतात. किसावर निळी झाक आली की टूल तापते आहे, वेग कमी करायला हवा. हे सगळे मामांनी झाडू हातात धरून ओळखायला शिकले. एक दिवस कारागीर आला नाही, काम अडले, आणि मालकाने नाइलाजाने विचारले, ‘तुला येईल का रे?’ मामांना आले. दुसऱ्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला. माठ मात्र वेगळाच राहिला.

हे एकट्या मामांचे नशीब नव्हते. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसांना सूतखात्यात कमी पगाराची कामे मिळत, पण जादा पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नसे. कारण काय सांगत? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पुढे १९३८ च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. आपली माणसे गँगमन म्हणूनच खपतात, वर्कशॉपमध्ये मेकॅनिकची जागा त्यांना क्वचितच मिळते, हे गाऱ्हाणे बाबासाहेबांनी तिथे मांडले. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. म्हणजे पोटाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न यंत्राजवळ येऊन एक होतो, हे त्यांनी फार आधी ओळखले होते.

याच खानदेशातली १९२९ सालची चाळीसगावची घटना आपल्या सर्वांना ठाऊक आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब धुळ्याकडे गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. तिथला एकही टांगेवाला अस्पृश्य पाहुण्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, हाकणार नाही, असे उत्तर मिळाले. पाहुण्याने पायी जाणे बरे दिसत नाही म्हणून आपल्यातलाच एक जण टांगा हाकायला बसला. त्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर घोडा उधळला, टांगा उलटला आणि बाबासाहेब फेकले जाऊन जबर जखमी झाले.

या प्रसंगाबद्दल बोलताना आपण टांगेवाल्यांच्या जातीय मनाबद्दल बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण आम्हाला त्यात आणखी एक धडा दिसतो. टांगा मिळाला होता, हाकण्याचे कसब मिळाले नव्हते. दोष त्या भल्या माणसाचा नाही. लगाम हाती धरण्याची संधीच ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दिली नाही, त्याने ऐन वेळी काय करावे? वस्तू भाड्याने मिळते, विकत मिळते, लिलावात मिळते. कसब मात्र हाताने हाताला द्यावे लागते, आणि तो हात आपल्यापर्यंत पोहोचू नये अशी व्यवस्था होती. मामा आपल्या अहिराणीत म्हणायचे, ‘यंत्र आपलं शे, पन हात आपला व्हवाले पाह्यजे.’

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते, तेव्हा तंत्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. कुशल कामगार तयार झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. आज आयटीआयमध्ये टर्नर, फिटर, मशिनिस्ट हे व्यवसाय आपली मुलेमुली राखीव जागांवर सन्मानाने शिकतात. तिथे वेगळा माठ नाही. हे बाबासाहेबांच्या संविधानाचे देणे आहे.

आता मामांच्या कसबाचा एक नमुना सांगतो, म्हणजे सातवी शिकलेल्या माणसाची बुद्धी कशी चाले ते कळेल. विलायती लेथचा मुख्य स्क्रू इंचाच्या हिशेबाचा असतो. मामांच्या लेथचा एका इंचात ४ आट्यांचा होता. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, आणि पुढे गिऱ्हाईक मिलिमीटरचे आटे मागू लागले. जुने यंत्र मिलिमीटरचे आटे कसे पाडणार? उपाय एका चाकात आहे, १२७ दातांच्या. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ ला ५ ने गुणले की १२७ येतात. त्याशिवाय पूर्ण आकडा जमत नाही. २ मिलिमीटर अंतराचा आटा पाडायचा असेल तर ४० दातांचे चाक चालवायला लावायचे आणि १२७ दातांचे स्क्रूवर लावायचे. झाले काम! शिवाय जुन्या व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मेट्रिकचा ६० अंशांचा, म्हणून टूलही वेगळे घासावे लागते. हे सारे मामांनी शंभर पानी वहीत लिहून ठेवले होते. कोणत्या आट्याला कोणती चाके, त्याचे कोष्टक. आम्ही बी.कॉम. झालो, पण त्या वहीतले गुणोत्तर आम्हाला मामांकडून दोनदा समजून घ्यावे लागले.

यंत्राची दुरुस्तीही ते स्वतः करीत. लेथचा बेड चकजवळ जास्त झिजतो, कारण बहुतेक काम तिथेच होते. मग लांब शाफ्टचे एक टोक जाड आणि दुसरे बारीक येते. मामांनी सरळ पट्टीला निळा रंग लावून ती बेडवर फिरवली. जिथे रंग लागला तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. दिवसा गिऱ्हाइकाचे काम आणि रात्री हे, असे दोन पावसाळे गेले. शेवटी हातभर लांबीच्या सळईची दोन्ही टोके मायक्रोमीटरखाली सारखी आली, त्या दिवशी मामांनी गल्लीत पेढे वाटले.

लेथचा इतिहास पाहिला तरी मजुराचाच हात दिसतो. आटे अचूक पाडणारे लेथ साधारण १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले याने नावारूपाला आणले. हा मॉडस्ले कुणी सरदारपुत्र नव्हता. वयाच्या १२ व्या वर्षी तो वूलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरायला लागला होता, नंतर लोहारकामात शिरला. त्याला शाळा फारशी लाभली नाही, पण त्याला कुणी यंत्रापासून दूरही ठेवले नाही. एवढाच फरक त्याच्यात आणि आमच्या लोकांत होता.

मामा गेले. जलदान विधी झाल्यावर चार दिवसांनी भंगारवाला दारात आला. किलोचा भाव सांगून म्हणाला, ‘चारही उचलतो, रोख देतो.’ घरात बैठक बसली. मोठा मामेभाऊ पुण्याला कंपनीत आहे. त्याचे म्हणणे असे की पडवी मोकळी झाली तर एक खोली निघेल, भाडे येईल, आईला आधार होईल. तो काही चुकीचे बोलत नव्हता. मधला सरकारी नोकरीत, तो म्हणाला, यंत्रे चालवणार कोण? धाकट्या बहिणीने आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केला होता, पण काम मिळाले नाही म्हणून ती मोबाइलच्या दुकानात बसत होती. ती म्हणाली, ‘मी चालवते.’ त्यावर एक नातेवाईक हसले. मामी हसल्या नाहीत.

आम्हाला हिशेब करायला सांगितले. आम्ही मामांच्या जुन्या पावत्या काढल्या. पुस्तकी हिशेबात यंत्राचा दरवर्षी घसारा धरतात. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला तर किंमत वर्षागणिक उतरत जाते, पण शून्य कधीच होत नाही. त्या वहीप्रमाणे लेथची किंमत नावापुरती उरली होती. भंगाराच्या काट्यावर ती जास्त भरत होती. आणि पावत्यांकडे पाहिले तर मामांच्या शेवटच्या हंगामातही ते घरखर्च काढत होते. आम्ही बैठकीत एवढेच मांडले की खोलीचे भाडे आणि लेथची कमाई यांत फार अंतर नाही, पण खोली कुणीही बांधू शकतो. ही वही आणि ही यंत्रे एकत्र असलेले घर आपल्या वस्तीत दुसरे नाही.

शेवटी मधला मार्ग निघाला. शेपर आणि पॉवर हॅक्सॉ विकली, पण भंगारात नव्हे, धुळ्याच्या एका वर्कशॉपवाल्याला, चालू यंत्राच्या भावाने. त्या पैशांतून पतपेढीचे उरलेले कर्ज फिटले. लेथ आणि ड्रिल राहिले. अर्ध्या पडवीत भिंत घालून छोटी खोली भाड्याने दिली. कुणाचेच सगळे म्हणणे खरे झाले नाही आणि कुणी रुसून गेले नाही.

बहिणीचे पहिले महिने सोपे गेले नाहीत. शेतकरी दारातून विचारायचे, ‘मामा नाहीत का?’ आणि पिशवी घेऊन परत जायचे. एकदा एका शेतकऱ्याने तिने केलेला बुश हातात घेऊन तीन वेळा फिरवून पाहिला, पैसे दिले, एक शब्द बोलला नाही. पंधरा दिवसांनी त्याने भावकीतल्या दुसऱ्याला पाठवले. अजूनही महिन्याचे सगळे दिवस काम नसते. हंगामात रात्री आठपर्यंत मोटार चालते, एरवी दोन-दोन दिवस बंद असते. म्हणून तिने दुकानातली अर्धवेळ नोकरी सोडलेली नाही. पण रविवारी सकाळी विहारातील वंदना आटोपली की वस्तीतली दोन मुले आणि एक मुलगी तिच्याकडे शिकायला येतात. पहिला महिना ती त्यांना फक्त कीस ओळखायला लावते. फरक इतकाच, की माठ एकच आहे.

ज्यांच्या घरी असे यंत्र असेल किंवा जे जुने यंत्र घेऊ पाहत असतील, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रंगाला भुलू नये. चकजवळ बेडवरून बोट फिरवून झीज पाहावी, स्पिंडल हाताने हलवून खेळ आहे का पाहावे, चाकांचे दात मोजावेत आणि १२७ चे चाक सोबत आहे का ते विचारावे. घेण्याआधी एक सळई कातून दोन्ही टोके मोजावीत. आणि सुरक्षिततेत कसूर नको. लेथवर हातमोजे घालू नयेत, लांब बाही, ओढणी, पदर, गळ्यातली माळ जवळ नको, केस बांधलेले हवेत. चकची चावी चकमध्ये विसरून मोटार सुरू केली तर ती गोळीसारखी सुटते. कीस बोटाने काढू नये, ब्रशने किंवा आकड्याने काढावा. पट्ट्यावर जाळी बसवावी. घरात लहान मुले असतील तर मेन स्विच उंचावर असावा.

काही सुशिक्षित बांधव म्हणतात की आता कुठे आपण ऑफिसात पोहोचलो, मुलांना पुन्हा तेलकट कामाला का लावायचे? प्रश्न रास्त आहे. जातीने लादलेले काम आणि स्वतः शिकून मिळवलेले कसब यांत मात्र फरक आहे. वेसकरकी, मेलेली ढोरे ओढणे ही कामे आपल्यावर लादलेली होती, ती आपण टाकली आणि टाकलीच पाहिजेत. लेथ आपल्यावर कुणी लादले नाही, उलट ते आपल्यापासून लपवून ठेवले होते. ते आपण मिळवले आहे. मूल वकील होवो, डॉक्टर होवो, पण ज्याचा कल हत्याराकडे आहे त्याला आपण कमी लेखू नये.

भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले. महापरिनिर्वाणापूर्वीचे अखेरचे भोजन त्यांनी पावा येथे चुंद या धातुकाम करणाऱ्याच्या घरी घेतले. त्यानंतर तथागतांची प्रकृती बिघडली, तेव्हा चुंदाला कुणी दोष देऊ नये, त्याच्या मनात खंत राहू नये, याची काळजी त्यांनी आनंदाकडे निरोप देऊन घेतली. भट्टीजवळ बसणाऱ्या माणसाचा एवढा मान राखणारा धम्म आपला आहे.

म्हणून एक विनंती. जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, कुठेही असा. आपल्या वस्तीत रेल्वेतून, गिरणीतून, वर्कशॉपमधून निवृत्त झालेले टर्नर, फिटर, मोल्डर शोधा. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद झाल्या, पण तिथे राबलेल्या पिढीतली काही माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ महिन्यातून एक रविवार मुलांना बसवा. त्यांच्या डोक्यातली कोष्टके वहीत उतरवून घ्या, कोणते चाक कुठे लागते ते लिहून घ्या, जमल्यास वहीची दुसरी प्रत विहारात ठेवा. यंत्र विकण्याची वेळ आली तर विका, संसाराला पैसा लागतोच. पण आधी घरात विचारा, शिकायला कुणी तयार आहे का. विचारताना मुलींनाही विचारा.

जयभीम!